पोटातली वस्ती

आमच्या घरात पोटाविषयी मोकळेपणानं बोलायची पद्धत होती. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा. शेवंती, निशिगंध, शेडनेटमध्ये गुलाब, आणि मधल्या पट्ट्यांत मेथी-कोथिंबीर. सकाळच्या चहाला अप्पा, म्हणजे माझे वडील, कधी 'आज साफ झालं' म्हणत तर कधी 'आज अडून बसलंय'. ते ऐकून आई त्या दिवसाचा स्वयंपाक ठरवायची. कुणाला ताक जास्त, कुणाला ओवा, कुणाला नुसती मुगाची खिचडी. पाहुण्यांसमोरसुद्धा हा विषय निघे आणि पाहुणेही आपापल्या पोटाचं सांगत बसत. कॉलेजातल्या मैत्रिणी घरी आल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग एकदा आईचंच पोट बिघडलं, आणि त्या दिवसांत आमच्या घरात पोट हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारेना.

आईचा आवाज मोठा होता. उजाडायच्या आत फुलं तोडायला बायका यायच्या, आणि आई बांधावर उभी राहून त्या टोकाच्या वाफ्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायची, "देठ लांब ठेवा गं, देठाशिवाय कोण घेतं फूल!" तोवर दादा पिकअपमध्ये क्रेट रचत असायचा. गाडी फुलबाजाराकडे गेली की बायका चहाला ओट्यावर बसायच्या, आणि घरातून बाजरीच्या भाकरी थापल्याचा थप थप आवाज सुरू व्हायचा. आई दही घट्ट लावायची. वाटी उपडी केली तरी पडणार नाही असं दही, आणि त्याचा तिला फार अभिमान. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मायक्रोबायोलॉजी घेतलं होतं, पण त्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. मार्कांवर मिळालं म्हणून घेतलं होतं, इतकंच.

त्याच वर्षी दादाचं लग्न झालं आणि मनीषा वहिनी घरात आली. तिचं माहेर सटाण्याच्या पुढे, कांद्याची शेती असलेलं. ती आमच्याशी अगदी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायची, पण फोनवर तिची आई आली की एकदम अहिराणीत शिरायची. "माय, तू जेवनी का?" असं काहीतरी आतल्या खोलीतून ऐकू यायचं आणि मला ती दुसरीच कुणी मुलगी वाटायची, हसरी, भरभर बोलणारी. आमच्यात ती कमी बोलायची, आणि बोलायला लागली तरी तिचं वाक्य बहुतेक वेळा कुणीतरी मध्येच तोडायचं. आई तिला वाईट वागवत नव्हती. फक्त अंतर ठेवून होती. भाजी चिरायला द्यायची, फोडणी स्वतः घालायची. तिच्याविषयी बोलताना 'मनीषा' न म्हणता 'ती' म्हणायची. एकदा वहिनीनं हौसेनं कळणाच्या भाकरी केल्या. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या, ठेच्याबरोबर. आम्ही सगळ्यांनी मागून मागून खाल्ल्या. आईनं अर्धी खाल्ली आणि म्हणाली, "आमच्यात नाय खात असलं." वहिनीनं ताट उचललं.

सगळं सुरू झालं ते आईच्या दाढेपासून. दाढेत पू झाला, गाल सुजला, डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. सूज उतरेना म्हणून आणखी जोरदार दिल्या. दाढ बरी झाली आणि पोट सुटलं. आधी वाटलं उन्हामुळे असेल. मग ताप आला, पोटात कळा यायला लागल्या, आणि घरात दिवसभर एकच आवाज राहिला, संडासाच्या दाराच्या कडीचा. कडी लागायची, निघायची, आई भिंतीला धरून खाटेपर्यंत यायची, टेकायची, की पुन्हा उठायची. जवळच्या दवाखान्यात दाखवलं तर त्यांनी जंतुसंसर्ग म्हणून आणखी एक अँटिबायोटिक दिलं आणि ते जास्तच बिघडलं. शेवटी नाशिकरोडच्या बाजूला एका हॉस्पिटलात पोटाच्या डॉक्टर होत्या, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी तपासण्या करून नेमका जंतू शोधला, त्याच्यावरचं नेमकं औषध दिलं, आणि आई बरी झाली. आम्ही गावदेवाला नारळ फोडला. औषध संपलं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा औषध, पुन्हा बरं, पुन्हा तेच. आई वाळत चालली. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. बांधावर आता वहिनी उभी राहायची, पण तिला ओरडता येत नसे. ती एकेका वाफ्याजवळ जाऊन बायकांना सांगायची.

त्या दिवसांत मावशी आईला बघायला आली. दोघी बहिणी खाटेवर बसल्या होत्या, मी पाण्यात मीठ-साखर ढवळत होते. मावशीनं काहीतरी विचारलं, आणि आई म्हणाली, "काय सांगू तुला. ही आली आणि मी आडवी झाले." मावशीनं मान डोलावली. पायगुणाचं म्हणाली. वहिनी चहाचे कप घेऊन दाराशी उभी होती. ती आत आली, दोघींच्या हातात कप दिले आणि गेली. त्या वयात घरातल्या मोठ्या बायकांच्या मध्ये बोलायचं मला सुचतही नसे.

पुढच्या खेपेला डॉक्टर मॅडमनी अप्पांना, दादाला आणि मला केबिनमध्ये बसवलं. त्या म्हणाल्या, "या जंतूला मारायचं औषध माझ्याकडे आहे, पण तो बीजाणू करून लपून बसतो. औषध थांबलं की परत उगवतो. आणि त्याला अडवणारं कुणी आईंच्या आतड्यात उरलेलं नाही. दाढेच्या गोळ्यांनी चांगले जिवाणूही गेले." अप्पा एकदम म्हणाले, "शेडनेटची माती औषध घालून धुतली, तर तसंच होतं. सगळं मरतं आणि पहिला परत येतो तो मर रोग." मॅडम म्हणाल्या, "तसंच आहे हे. मग तुम्ही काय करता?" अप्पा म्हणाले, "शेणखत घालतो." हे बोलून झाल्यावर ते जरा थांबले आणि मॅडमकडे बघायला लागले. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी तेच सुचवणार आहे."

आज मी हेच कॉलेजात शिकवते. वर्गात हा धडा आला की मागच्या बाकावर खुसखुस होते, ती मी होऊ देते. मग फळ्यावर आतड्याचं चित्र काढते आणि सांगते, की आपल्या स्वतःच्या जनुकांच्या कित्येक पटींनी जास्त जनुकं या आतल्या वस्तीकडे असतात. आपल्याला न पचणारा भाकरीतला कोंडा ते पचवतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला खाऊ घालतात. पित्तातल्या आम्लांचं रूप बदलणारी जनुकं तर त्यांच्यातल्या मोजक्याच जातींकडे असतात. ते बदललेलं पित्त असलं, की आईच्या पोटातल्या त्या जंतूला वाढता येत नाही. त्या मोजक्या जाती गेल्या की रान मोकळं. शिवाय हे जिवाणू एकमेकांना जनुकांचे तुकडेही देत असतात, चांगले आणि वाईटही. म्हणून कोण आत राहतं याच्याइतकंच, कोण कोणाच्या शेजारी राहतं हेही बघावं लागतं. मुलं लिहून घेतात. मला मात्र हे सांगताना दर वेळी मॅडमच्या केबिनमधल्या खुर्चीत अवघडून बसलेले अप्पाच दिसतात.

मॅडमना निरोगी माणसाची विष्ठा हवी होती. ती तपासून, खारट पाण्यात कालवून, गाळून, दुर्बिणीच्या नळीतून आईच्या आतड्यात सोडायची. "विरजण लावतो तसं समजा," त्या म्हणाल्या. घरी जाऊन दादानं आईला हेच सांगितलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस आईनं दह्याला हात लावला नाही. देणारं माणूस कोण, यावर मात्र घरात वाद घालायला फारशी जागाच नव्हती. अप्पांना साखरेचा त्रास आणि त्यावरच्या गोळ्या. दादा नुकताच टायफॉइडमधून उठलेला. मी चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी कित्येक महिने अँटिबायोटिक खात होते. मॅडमनी ते ऐकलं आणि माझ्या नावावर सरळ काट मारली. मला इतकी लाज कशाचीच वाटली नव्हती. पुटकुळ्यांपायी मी आईच्या कामाची उरले नव्हते. राहिली वहिनी. तिला वर्षानुवर्षं साधा ताप आला नव्हता. "रक्ताचं नातं लागतं का?" दादानं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "नाही. पोट निरोगी लागतं."

पण वहिनीला हे कुणी विचारलंच नाही. दादानं तिला फोनवर सांगितलं की उद्या तुझं रक्त तपासायचंय, उपाशी ये. दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघींना आत घेतलं आणि दादाला बाहेर थांबायला सांगितलं. मला जा म्हणाल्या नाहीत, कारण वहिनीनं माझा हात धरून ठेवला होता. मॅडमनी तिला सगळं नीट समजावलं, आणि मग म्हणाल्या, "मनीषा, तुम्ही नाही म्हणू शकता. कारण सांगायची गरज नाही. मी बाहेर सांगेन की तपासणीत बसलं नाही. घरी कुणाला कळणार नाही." वहिनीनं माझा हात सोडला. मग म्हणाली, "तपासण्या करा. बाकीचं मी उद्या सांगते."

रिक्षात ती माझ्याशी बोलली. "ताई, मी देईन. मला त्याचं काही नाही. पण आईंनी स्वतः मागायला पाहिजे. त्यांनी मागितलं नाही तर मी देणार नाही." मी म्हटलं, "वहिनी, ती आजारी आहे गं." ती म्हणाली, "आजारी आहेत म्हणून मी पाय दाबते, कपडे धुते. ते मी न मागता करते. हे नाही करणार." तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच मी घाबरले. घरी येऊन मी अप्पांना सांगितलं, अप्पांनी आईला सांगितलं. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दादा वहिनीवर चिडला, मोठ्यानं बोलला. अप्पा त्याला म्हणाले, "तू गप बस. तुझ्या पोटाचा उपयोग नाय ना झाला? मग गप बस."

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं वहिनीला बोलावून घेतलं. मी खाटेच्या पायथ्याशी होते, उठायला लागले तर आईनं खुणेनं बसवलं. वहिनी दाराशी उभी राहिली.

"ते म्हणत्यात तुझं घ्यायचं," आई म्हणाली.

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार. मला काय कळतंय त्यातलं."

वहिनी वळली. आई म्हणाली, "थांब." मग तिनं पाय आखडून घेतले आणि खाटेवर जागा केली. "बस इथं." वहिनी त्या खाटेवर कधी बसली नव्हती. ती टोकाला टेकली.

"मला मागायची लाज वाटती," आई म्हणाली. "घाण मागायची, ती पण तुझ्याकडून."

"मॅडम घाण नाही म्हणाल्या."

"मला अजून जगायचं हे गं, मनीषा." आईचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "देशील का?"

"देईन," वहिनी म्हणाली. आणि थांबून म्हणाली, "तुम्ही मावशींना काय बोललात ते मी ऐकलं होतं."

"ठाऊक हे मला. तू दाराशी होतीस."

"मग बोललात कशाला?"

बाहेर मोटर सुरू झाली, ठिबकच्या नळ्यांत पाणी धावल्याचा फुसफुस आवाज आला. "भ्या वाटत होतं," आई म्हणाली. "कुणाच्या तरी माथी मारायचं होतं. तू नवी होतीस." तिनं माफी मागितली नाही, आणि वहिनीनंही 'असू द्या' म्हटलं नाही. वहिनीनं माझ्या हातातला पेला घेतला, आईच्या मानेखाली हात घालून तिला उठतं केलं आणि पाणी पाजलं.

तपासण्या ठीक आल्या. आईला आदल्या दिवशीच हॉस्पिटलात ठेवलं होतं. सकाळी आम्ही तिघं पिकअपमधून निघालो. नमुना ताजा हवा होता, तिथंच पोहोचून द्यायचा होता, म्हणून वहिनी घरून तशीच निघाली होती, चहासुद्धा न घेता. पंचवटी ओलांडेपर्यंत ठीक होतं. द्वारका चौकात आलो आणि सगळं तुंबलेलं. कांद्याचे ट्रक, एस.टी., रिक्षा, कुणी हलेना. वहिनी माझ्या शेजारी ताठ बसली होती. तिनं डोळे मिटले आणि ओठ दाबले. मी विचारलं, "काय गं?" तिनं नुसती मान हलवली. मग एकदम दादाला म्हणाली, "अहो, गाडी काढा."

"कुठून काढू? दिसतंय ना समोर?"

"काढा म्हणते ना! माले आते थांबता येत नही!"

ती घाईत अहिराणीत शिरली होती. दादानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. खिडकीतून डोकं काढून पुढच्या ट्रकवाल्याला ओरडला, "भाऊ, पेशंट आहे, पेशंट!" ट्रकवाल्यानं आमच्या गाडीत वाकून बघितलं. वहिनीचा घामेजलेला चेहरा पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे. त्यानं ट्रक रेटून बाजूला घेतला, वर शेजारच्या रिक्षावाल्यालाही दरडावलं, "दिसत नाय का, बाई अडलीये!" आम्ही सुटलो. वहिनी रडकुंडीला आली होती आणि मला हसू आवरत नव्हतं. हॉस्पिटलच्या जिन्यावर तीही हसायला लागली आणि म्हणाली, "हसवू नका ना ताई, सगळं वाया जाईल."

वाया गेलं नाही. बाकीचं काम मॅडमनी केलं आणि ते फार वेळाचं नव्हतं. आई गुंगीतून जागी झाली तेव्हा तिनं पहिलं विचारलं, "झालं?" आणि मग, "मला तर काय कळलंच नाय." पुढचे दिवस ती संडासला गेली की घरातले सगळे हातातलं काम थांबवायचे. मग एका सकाळी चहा घेताना आईच्या तोंडून, इतक्या दिवसांनी, तो जुना शब्द आला. "आज साफ झालं." अप्पांनी बशी खाली ठेवली आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. तिला पुन्हा तो आजार झाला नाही.

मी पुढे याच विषयात शिकायला गेले, ते त्या वर्षामुळे. पुण्यात संशोधन करत असताना मी एकदा आईला आणि वहिनीला विचारलं, तुमचे नमुने द्याल का? दोघींनी दिले. आई तर म्हणाली, "ने, आता काय सोनं लागलंय का त्याला." त्यातल्या जिवाणूंचे डीएनए वाचले. एकाच जातीच्या जिवाणूंतही घराण्यांसारखी घराणी असतात आणि जनुकांच्या बारीक फरकांवरून ती वेगळी ओळखता येतात. वहिनीकडची कितीतरी घराणी आईच्या पोटात तशीच नांदत होती. काही आईकडे होती पण वहिनीकडे नव्हती. ती आईची जुनी, कुठल्यातरी कोपऱ्यात तग धरून राहिलेली असावीत. किंवा मागाहून कुठून आली असतील, ते सांगता येत नाही, कारण आजाराआधीचा आईचा नमुना कुणाकडे नव्हता. मी हे संगणकावर बघितलं तेव्हा मला फार शहाणं काही सुचलं नाही. घरी फोन केला. दोघी स्वयंपाकघरात कशावरून तरी भांडत होत्या. त्या तशा अजूनही भांडतात.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. आई हिंडू-फिरू लागली तेव्हा घरात ठरलं होतं, कुणी विचारलं तर मुंबईहून औषध मागवलं असं सांगायचं. गावात कळलं तर लोक काय म्हणतील, कुणी आईच्या हातचं खाईल का, असं दादाला वाटत होतं. त्यात तथ्यही होतं. मग वहिनीची आई भेटायला आली. पिशवीतून पापड, ज्वारीच्या बिबड्या, कांदे असं बरंच काही घेऊन. मावशीही त्या दिवशी आली होती. सगळे पुढच्या खोलीत बसले. वहिनीच्या आईनं विचारलं, "काय औशद लागू पडनं मंग तुमले?" दादा 'मुंबईहून' म्हणायला लागला तोच आई म्हणाली, "औषध-बिषध काय नाय, विहीणबाई. तुमच्या लेकीच्या पोटातलं घेतलं मी. म्हणून बसलेय इथं."

वहिनीच्या आईला कळलं नाही. वहिनी लालेलाल होऊन तिला अहिराणीत समजावून सांगायला लागली, हळू आवाजात, आणि आम्ही सगळे त्या माउलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. मावशीनं पदर तोंडाला लावला. वहिनीच्या आईनं सगळं ऐकून घेतलं. तिला किळस आली नाही, हसूही आलं नाही. तिनं लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "तुले काही तरास तं नही ना व्हयना?"

हे आमच्यापैकी कुणीच आजवर विचारलं नव्हतं. मी नाही, दादानं नाही. आईनं बघितलं वहिनीकडे, आणि मला दिसलं की तिच्याही ते आत्ताच लक्षात आलंय. ती जागची उठली, वहिनीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "सांग ना. झाला का गं त्रास?"

"झाला," वहिनी म्हणाली.

आणि मग ती बोलायला लागली. सुया टोचल्या त्याचं, बाटलीत नमुना काढायची लाज वाटली त्याचं. हॉस्पिटलातली पोरं आपल्याकडे बघून हसताहेत असं वाटायचं ते. आणि सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटली, तर गुण नाही आला तर सगळे आपल्यालाच बोल लावतील याची. माहेरी परत पाठवतील असंही एकदा मनात आलं होतं. बोलताना ती अर्धी आमच्या भाषेत बोलत होती, अर्धी तिच्या. दादा मध्ये काही म्हणायला गेला, तर आईनं हात वर करून त्याला थांबवलं. चहा कपात तसाच निवला, बाहेर फुलं तोडणाऱ्या बायका पैशासाठी येऊन ओट्यावर बसल्या, आणि अप्पांनी त्यांना खुणेनंच सांगितलं, जरा थांबा, आत बोलणं चाललंय.